निशाणांबाहेरची सुरमेली

झुम्रूतला वाटलं होतं, मी आलो की भांडण मिटेल. जमिनीत एक तार पुरायची, कुत्रीच्या गळ्यात मला बांधायचं, आणि मग दोन्ही घरं पुन्हा एकमेकांकडे चहाला जाऊ लागतील. प्रत्यक्षात मी गावात आल्यावर सातिलमिश आणि वेय्सेल या दोन चुलतभावांनी एकमेकांच्या मेलेल्या बापांचा उद्धार केला, आणि त्या शिव्यांमध्ये माझाही उल्लेख होता.

मी कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा पट्टा आहे. साधा नव्हे. माझ्या आतल्या अंगाला एक डबी आहे आणि डबीतून धातूचे दोन बोथट दात बाहेर आले आहेत. ते कुत्र्याच्या कातडीला टेकलेले असतात. जमिनीत पुरलेल्या तारेजवळ कुत्रा गेला की मी आधी बारीक आवाज करतो. तरीही तो पुढे गेला तर दातांतून विजेचा झटका देतो. एवढंच मला येतं. मला बनवणारे याला अदृश्य कुंपण म्हणतात. कुंपण दिसलं नाही म्हणजे ते बोचत नाही, अशी त्यांची समजूत असावी.

माझा जन्म लांबच्या एका देशातल्या कारखान्यात झाला. तिथे मला एकही कुत्रा भेटला नाही. ओल्या स्पंजावर माझे दात टेकवून पाहिले, दिवा लागला, मी पास झालो. मग मला खोक्यात घातलं. खोक्यावर एक गुबगुबीत कुत्रा छापला होता, हिरवळीवर बसलेला आणि चक्क हसणारा. त्या चित्रात मेंढ्या नव्हत्या, लांडगा नव्हता आणि शेजारी तर नव्हताच.

झुम्रूत त्याच देशात पशुपालनाचं शिक्षण घेत होती. तिथल्या एका शेतावर तिने माझे भाऊबंद पाहिले. मोठे पांढरे कुत्रे तारेच्या आत शांत बसलेले, मेंढ्याही आतच, आणि बाहेरच्या रस्त्यावरून माणसं सायकली चालवत जाताहेत. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या गावी हे का होऊ नये, असं तिला वाटलं. पदवी घेऊन परतताना तिने बॅगेत कपडे कमी घेतले आणि मला घेतलं, तारेचं वेटोळं घेतलं, पांढऱ्या निशाणांचा एक गठ्ठा घेतला. सिवास शहरातून गावाकडे येणाऱ्या बसमध्ये ती शेजारच्या बाईला सांगत होती की जुनं सगळं मोडायचं नाही, पण जिथे रक्त सांडतं तिथे तरी शहाणपण शिरायला हवं. ती बाई झोपली होती. झुम्रूत बोलतच राहिली.

रक्त सांडायची वेळ खरंच आली होती. झुम्रूत आईबापाविना काकांच्या घरी वाढली. काका म्हणजे सातिलमिश. त्यांच्या मेंढ्यांची राखण करणारी कुत्री सुरमेली. पिवळसर अंग, काळं तोंड, डोळ्यांभोवती कोणी सुरमा घातल्यासारखी काळी रेघ. उभी राहिली तर तिचं डोकं माणसाच्या कमरेला लागेल. काकांचं रान आणि वेय्सेलचं रान यांच्या मध्ये एक झरा आहे. झऱ्यावरच्या उंचवट्यावरून दोन्हीकडची रानं दिसतात, म्हणून सुरमेली तिथे बसायची. लांडगा ज्या वाटेने येतो तिच्यावर नजर ठेवायला तिला ती जागा हवी होती. तो झरा कोणाचा हे मात्र दोन पिढ्या ठरलं नव्हतं. वेय्सेलची बायको एल्मास तिथे पाणी भरायला गेली, सुरमेली तिच्या अंगावर धावली, बाई पडली आणि मनगट मोडून बसली.

तेव्हा वेय्सेलने मशिदीसमोर चारचौघांत सांगितलं की ही कुत्री पुन्हा झऱ्यावर दिसली तर तो तिला मांस खाऊ घालेल. मांसात काय असेल ते त्याने सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. त्या डोंगरात असं मांस काय असतं हे सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून मी आलो. सुरमेली जगावी, एवढ्यासाठी.

पहिल्याच दिवशी झुम्रूतने तिच्या गळ्यातला लोखंडी खिळ्यांचा पट्टा काढला. त्या डोंगरात हा पट्टा वाटेल त्या कुत्र्याला घालत नाहीत. लांडग्यासमोर जी उभी राहिली तिलाच तो मिळतो. लांडगा आधी नरडं धरतो, आणि खिळे त्याच्या तोंडात घुसतात. पण दोन पट्टे एका मानेवर बसेनात. लोखंडाच्या वजनाने माझे दात कातडीत रुतायला लागले. मग झुम्रूतने कातरीने मानेवरचे दाट केस कापले, लोखंडी पट्टा खुंटीला टांगला आणि मला आवळलं. सुरमेलीने मान झटकली, पायाने मला ओरबाडलं, आणि मग माझ्याकडे लक्षच द्यायचं सोडलं. असा अपमान मी कारखान्यातही सोसला नव्हता.

चहाच्या दुकानात लोकांनी काकांना सोडलं नाही. कुत्रीला निवृत्त केलं का, असं एकाने विचारलं. दुसरा म्हणाला की आता लांडगा आला तर ती त्याला फोन करेल. काका घरी येऊन खाटेवर बसले आणि पुतणीकडे न बघता म्हणाले, "तुला शिकायला पाठवलं ते माझी टिंगल करायला शिकवतात का तिथे?"

झुम्रूत तारेचं वेटोळं घेऊन बाहेर पडली. तिला घाई होती. तिने काकांच्या घराभोवती, मेंढवाड्याभोवती आणि रानाभोवती तार पुरली आणि तारेच्या वर थोड्या थोड्या अंतरावर पांढरी निशाणं रोवली. ती कुत्रीसाठी असतात. निशाण दिसलं, माझा आवाज ऐकू आला, की मागे फिरायचं, असं कुत्र्याला दोरी धरून शिकवतात. शिकून झालं की निशाणं काढून टाकायची. झरा आणि उंचवटा तिने निशाणांच्या बाहेर ठेवला. भांडणाची जागाच वगळली की भांडण उरणार नाही, असा तिचा हिशोब होता.

पण त्या गावात पांढरं निशाण पाहिल्यावर कुत्रा कोणालाच आठवला नाही. मागे सरकारी मोजणीवाले आले होते, तेव्हा त्यांनी अशीच निशाणं रोवली होती, आणि निशाण जिथे पडलं तिथपर्यंत ज्याची त्याची जमीन झाली होती. झुम्रूत तर परदेशी शिकून आलेली. लोकांनी ठरवून टाकलं की पोरीने मोजणी केली.

वेय्सेल बांधावर येऊन उभा राहिला. हात मागे बांधून त्याने निशाणांची रांग पाहिली. झरा आपल्या बाजूला राहिलेला पाहून तो निघून गेला. त्याच्या तोंडावरचं समाधान मला सुरमेलीच्या गळ्यातून स्पष्ट दिसलं. सहनच झालं नाही मला ते. संध्याकाळपर्यंत चहाच्या दुकानात त्याला लोकांनी शाबासकी दिली. सातिलमिशने झरा सोडला म्हणे.

ही बातमी काकांनी ऐकली तेव्हा ते मेंढ्यांची खुरं तासत होते. हातातली सुरी त्यांनी बाजूला ठेवली आणि बराच वेळ उचलली नाही.

झुम्रूत मात्र आनंदात होती. सुरमेली लवकर शिकली. निशाणाजवळ माझा आवाज झाला की कान मागे टाकून परत यायची. दोनतीनदा तिने मला आजमावून पाहिलं, मी माझं काम केलं, ती किंचाळली आणि मग पुन्हा तसं केलं नाही. झुम्रूत तिला जवळ घेऊन पाव भरवायची आणि म्हणायची की बघ, आता तुला कोणी मारणार नाही. मला तिचा राग यायचा. झटका मी द्यायचा आणि पाव हिने.

पुढे तिला नोकरीच्या मुलाखतीसाठी सिवासला जावं लागलं. ती बसमध्ये चढली त्याच दिवशी काकांनी कुदळ घेतली. झऱ्याकडच्या बाजूची तार उकरली, झरा आणि उंचवटा आत घेऊन पलीकडच्या उतारावर पुन्हा पुरली, आणि त्या पोरीचीच पांढरी निशाणं तिथे ठोकली. तार कमी पडली तेव्हा मेंढवाड्याच्या मागची बाजू आवळून घेतली. काम झाल्यावर निशाणांजवळ उभे राहून त्यांनी हात झटकले, जणू सरकारनेच त्यांना नेमलं होतं.

सुरमेली खूष झाली. तिला तिचा उंचवटा परत मिळाला होता.

झुम्रूत परतली तेव्हा गावाच्या वेशीवरच तिला एल्मास भेटली. मोडलेला हात गळ्यात बांधलेला होता, आणि दुसऱ्या हाताने ती पाण्याचा डबा ओढत होती. तिने डबा खाली ठेवला. "आमच्या घरी येऊन सांगून गेलीस, ‘काकू, कुत्री झऱ्यावर येणार नाही.’ तुझ्या तोंडावर विश्वास ठेवला मी. तुझ्यापेक्षा तुझा काका बरा. तो निदान शिव्या देऊन चोरी करतो."

झुम्रूत धावत घरी आली. काकांशी तिचं जे भांडण झालं ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. ती म्हणत होती की ही निशाणं जमिनीची नाहीत, कुत्रीची आहेत. काका म्हणत होते की गावाला विचार. ती म्हणाली, तुमच्यामुळे सुरमेली मरेल. काका म्हणाले, निशाण एकदा रोवलं ते रोवलं, ते मागे घेतलं तर मी बाजारात तोंड कुठे दाखवू. वेय्सेलने त्याआधीच पुन्हा मशिदीसमोर आपलं म्हणणं सांगून टाकलं होतं, आणि या वेळी मांस आणलंय असंही सांगितलं होतं. झुम्रूतने ठरवलं की सकाळी स्वतः कुदळ घेऊन तार पूर्वीच्या जागी न्यायची.

सकाळी धुकं उतरलं. हातभर अंतरावरचं दिसेना. अशा धुक्यात लांडगे दिवसाढवळ्या येतात.

सुरमेली उंचवट्यावर होती. खाली उतारावर, निशाणांच्या पलीकडे, वेय्सेलच्या मेंढ्या कापणी झालेल्या रानात चरत होत्या. त्यांच्या घंटांचा आवाज येत होता. मग तो आवाज एकदम गडबडला. सुरमेली उठली. मला तिच्या मानेतली शीर जाणवली, दोरीसारखी ताठ.

मी आवाज केला. तिने ऐकला नाही. मी झटका दिला. माझ्याकडे होता नव्हता तेवढा सगळा दिला. ती तारेवरून अशी गेली, जणू मी गळ्यात नव्हतोच.

मेंढ्या कोणाच्या, हे तिने पाहिलं नाही. ते बघायचं काम माणसांचं. धुक्यात दोन लांडगे होते. एकाला तिने खांद्याने उडवलं. दुसऱ्याने तिचं नरडं धरलं. तिथे खिळे असायला हवे होते. तिथे मी होतो. त्याचे दात माझ्या पट्टीवरून घसरले आणि बाजूच्या मानेत घुसले. गरम रक्त माझ्या डबीवर आलं. तरी तिने त्याला सोडलं नाही. शेवटी दोन्ही लांडगे लंगडत धुक्यात गेले आणि एक मेंढी फाटून पडली. बाकीच्या वाचल्या.

मग ती घरी निघाली.

उतार चढून निशाणांपाशी आली आणि मी आवाज केला. या वेळी तिने ऐकला. अंगात लढाई उरली नव्हती, त्यामुळे तिला मी स्पष्ट ऐकू आलो. तिने एक पाय पुढे टाकला. मी झटका दिला. रक्ताने माझे दात ओले होते, झटका चांगलाच बसला. ती मागे सरली. पुन्हा आली, पुन्हा मागे सरली. जाताना तिला मी कळलोच नाही. परतताना फक्त मीच कळलो. मग ती निशाणाच्या पलीकडे खाली बसली, घराकडे तोंड करून.

झुम्रूत हाका मारत आली. तिने रक्त पाहिलं, निशाणाशी अडलेली सुरमेली पाहिली. काय झालंय ते समजल्यावर ती घराकडे पळाली, तारेला वीज पुरवणारी वायर भिंतीतून उपटून परत आली. तार मेली. मी गप्प झालो. "ये सुरमेली, आता काही नाही, ये ना गं," ती निशाणाच्या आत गुडघ्यांवर बसून म्हणत होती. सुरमेलीने शेपटी हलवली. आली नाही. तारेत वीज नाही हे कुत्रीला कोण समजावणार? तिच्यासाठी ती जागाच आता चावणारी झाली होती. झुम्रूत पलीकडे गेली, तिला उचलायला लागली. एवढं मोठं जखमी जनावर ते, गुरगुरलं. पहिल्यांदाच तिच्यावर गुरगुरलं.

धुकं विरळ झालं तेव्हा वेय्सेल आला. त्याने फाटलेली मेंढी पाहिली, बाकीच्या पाहिल्या, गवतावरचं रक्त पाहिलं, आणि ते कुठून कुठे गेलं तेही पाहिलं. गावातली आणखी दोघंतिघं जमली. आवाज ऐकून काकाही आले, निशाणांच्या आतल्या बाजूला उभे राहिले.

"माझी कुत्री आहे, तिला हात लावू नकोस," काका म्हणाले.

"तुझी?" वेय्सेल हसला. "निशाणं कोणी रोवली? तू. निशाणाच्या आतलं ते तुझं म्हणालास. मग बाहेरचं ते माझं. कुत्री बाहेर बसलीय."

"जनावराला हद्द नसते."

"मग हे कशाला ठोकलंस? म्हण ना, ही हद्द नाही म्हणून. आत्ता, ह्या लोकांसमोर म्हण आणि घेऊन जा तुझी कुत्री."

सगळे काकांकडे बघायला लागले. झुम्रूतही बघत होती. तिच्या ओठांवर ते शब्द तयार होते, ती काकांच्या वतीने ते बोलायला अधीर झाली होती. पण ते काकांनीच बोलायला हवे होते. काकांचा जबडा हलला. त्यांनी झऱ्याकडे पाहिलं, मग सुरमेलीकडे.

"जी हाक मारल्यावर येत नाही, ती कुत्री माझ्या कामाची नाही," ते म्हणाले आणि घराकडे वळले.

मी पुष्कळ माणसं पाहिलेली नाहीत. पण पाण्याच्या एका ओघळासाठी आपल्या राखणदाराला सोडणारा प्राणी मी दुसरा पाहिला नाही. लांडग्यांतसुद्धा नाही.

वेय्सेलने पोत्यावर घालून तिला ओढत आपल्या गोठ्यात नेलं. बरं वाटावं म्हणून नव्हे, काकांना दिसावं म्हणून. एल्मासने चांगल्या हाताने जवाच्या पिठाची कढत लापशी तिच्यापुढे आदळली. "खा मेले. माझा हात मोडलास, आता माझंच पीठ खा." मग वाटीत मिठाचं पाणी घेऊन ती जखम धुवायला बसली आणि धुताना सुरमेलीच्या सगळ्या खानदानाला शिव्या घालत राहिली. सुरमेली निमूट पडून होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता झुम्रूत तिला आणायला आली. मनात सगळं ठरवून आली होती. माझा पट्टा काढायचा, दोरी बांधायची, तिचे डोळे झाकून का होईना, तिला तारेवरून न्यायचं. पण निघताना काकांनी तिला सांगितलं होतं, आण तिला, पट्टा राहू दे, झऱ्यावर साखळीने बांधू, बघू कोण पाणी भरतं. आणि गोठ्याच्या दारात वेय्सेलने सांगितलं की काल तिने मेंढ्या वाचवल्या म्हणून त्याचा शब्द बदलत नाही. झऱ्यावर बसली तर मांस तयार आहे.

तिने वाकून मला सोडवलं. माझ्या दातांच्या जागी मानेवर दोन लाल, ओलसर खड्डे पडले होते. लांडग्याच्या जखमेशेजारी ते अगदी लहान दिसत होते. झुम्रूत त्यांच्याकडेच बघत राहिली. मग तिने मला कोटाच्या खिशात कोंबलं.

हे सगळं मी त्या खिशातून सांगतोय. इथे अंधार आहे, माझी डबी रक्ताने चिकट झाली आहे आणि वीज संपत आली आहे. तुमच्यापैकी कोणाला माझ्यासारखा एखादा विकत घ्यायचा असेल, तर आधी विचारा, राखायचं काय आहे. अंगण राखायचं असेल तर घ्या. पण जी आपली हद्द मेंढ्यांबरोबर घेऊन फिरते, तिच्या गळ्यात मला घालू नका. आणि माणसांचं भांडण मिटवायला तर मुळीच घालू नका. त्यासाठी कोणाच्या तरी गळ्यात पट्टा हवाच असेल, तर तो निशाणं रोवणाऱ्याच्या गळ्यात घाला. मी मनापासून काम करीन.

बाहेर आवाज येत होते.

"काय, घेऊन चाललीस ना?" वेय्सेल म्हणाला.

"नाही. ती इथेच राहील."

 मग एल्मासची वाटी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"उपकार करतेस का माझ्यावर?" वेय्सेलने विचारलं. त्याच्या आवाजात कालची मजा नव्हती. "सातिलमिशची पुतणी मला कुत्री दान देणार?"

"तुम्ही काल सगळ्यांसमोर तिला ‘माझी’ म्हणालात, वेय्सेलकाका. मग असू दे तुमची. स्वतःच्या कुत्रीला तुम्ही विष घालणार नाही. मला तेवढंच हवंय."

"आणि तुमच्या मेंढ्या? कुत्र्याशिवाय?"

"त्यांच्यामागे आजपासून मी जाईन."

"लांडगा फाडेल तुला."

"फाडू दे. माझ्या काकांना विचारा, माझ्याऐवजी झराही पुरेल त्यांना."

ती वळली आणि चालायला लागली. मागे गोठ्यात पेंढा सळसळला. सुरमेली उठून उभी राहिली असणार. झुम्रूतची पावलं जरा थबकली. खिशात तिची मूठ माझ्याभोवती घट्ट आवळली गेली. एक हाक मारली असती, तर वेय्सेलच्या हद्दीतल्या हद्दीत सुरमेली तिच्या पायांशी आली असती.

तिने हाक मारली नाही.